ब्राउझरमधला पत्ता वाचणं आणि बदलणं: कळमन्याच्या भाव-पानाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या कळमना बाजारात घरची अडत असलेल्या एका तरुणाने संत्रा-मोसंबीच्या रोजच्या भावांचं छोटं पान बनवलं आहे. वर तीन निवडी: फळ, बहार (मृग किंवा अंबिया, म्हणजे फळ कोणत्या मोसमाच्या फुलोऱ्याचं) आणि तारीख. खाली तक्ता. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे शेतकरी ते मोबाइलवर बघतात. अडचणी तीन आहेत. लोकेशन.सर्च, म्हणजे पत्त्यातला प्रश्नचिन्हापासूनचा भाग, बदललं की अख्खं पान पुन्हा लोड होतं. ते टाळायला पान लोड न करता पत्ता बदलणारं हिस्टरी.पुशस्टेट वापरलं, तर बॅक दाबल्यावर वरचा पत्ता बदलतो पण तक्ता जिथल्या तिथे राहतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक समोरच्याने उघडली की फळाची निवड लागते, बहार आणि तारीख मात्र गायब. त्याने या तिन्हींवर उपाय विचारला आहे; पुढे 'तुम्ही' म्हणतो ते त्यालाच उद्देशून.

तिसरी अडचण वेगळी आहे, ती पुढे घेतो. पहिल्या दोघींचं मूळ एकच: पानाची अवस्था दोन ठिकाणी साठते आहे. एक प्रत ड्रॉपडाउनमध्ये, दुसरी पत्त्यात, आणि दोघींचा मेळ घालणारं कोणी नाही. माझं ठाम मत आहे की अशा पानात पत्ता हीच मूळ प्रत धरावी. तक्ता, ड्रॉपडाउन, वरचा मथळा, सगळं पत्ता वाचून काढायचं. एवढं एकदा ठरवलं की कोड बराच कमी होतो आणि बॅक बटणासाठी वेगळी डोकेफोड करावी लागत नाही.

जावास्क्रिप्टच्या कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून लिहायची.

आधी वाचणं

समजा पत्ता असा आहे:

एचटीटीपीएस://भाव.एक्झाम्पल.कॉम/कळमना/?फळ=संत्रा&बहार=मृग#तक्ता

ब्राउझरचा कन्सोल (कोडच्या ओळी चालवून बघायची जागा) उघडा आणि लोकेशनचे, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या ब्राउझरच्या वस्तूचे, एकेक भाग विचारून बघा. (पत्त्यातली मराठी अक्षरं तिथे %ई० अशा टक्क्याच्या कोडांत दिसतील, इथे वाचायला सोपी म्हणून तशीच लिहिली आहेत.) लोकेशन.एचरेफ अख्खा पत्ता देतं. लोकेशन.प्रोटोकॉल 'एचटीटीपीएस:' देतं, शेवटच्या अपूर्णविरामासकट. लोकेशन.पाथनेम '/कळमना/' देतं. लोकेशन.सर्च प्रश्नचिन्हासकट '?फळ=संत्रा&बहार=मृग' देतं आणि लोकेशन.हॅश '#तक्ता' देतं, तेही # सकट. होस्ट आणि होस्टनेम यांत फरक पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराच्या क्रमांकाचा: पत्त्यात ८०८० सारखा पोर्ट लिहिला असेल तर होस्टमध्ये तो येतो, होस्टनेममध्ये येत नाही. एचटीटीपीएसचा नेहमीचा ४४३ असेल तर लोकेशन.पोर्ट रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) देतं. ती बघून पुष्कळ जण चक्रावतात, पण ते बरोबर आहे.

# आणि ? यांचा क्रम महत्त्वाचा आहे. # च्या पुढे जे काही येईल ते सगळं हॅशमध्ये जातं, त्यात प्रश्नचिन्ह असलं तरी. '/कळमना/#तक्ता?फळ=संत्रा' असा पत्ता तयार झाला तर लोकेशन.सर्च रिकामं मिळेल आणि तुम्ही तासभर वाचणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत बसाल. हॅशचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतही नाही. म्हणून सर्व्हरला जे कळायला हवं ते हॅशमध्ये ठेवू नका.

पॅरामीटर, म्हणजे प्रश्नचिन्हापुढच्या नाव=किंमत अशा जोड्या, वेगळे करायला '&' वर तोडून, मग '=' वर तोडून असा हाताने कोड लिहू नका. त्यासाठी यूआरएलसर्चपॅरम्स आहे. न्यू यूआरएलसर्चपॅरम्स(लोकेशन.सर्च) केलं की गेट('बहार') ने किंमत मिळते, हॅज ने आहे की नाही ते कळतं, आणि एकच नाव अनेकदा आलं असेल तर गेटऑल ने सगळ्या किमती मिळतात. टक्क्याचे कोड उलगडणं, + चा स्पेस करणं, ही कामं तेच करतं.

गेट नेहमी स्ट्रिंग देतं आणि नाव नसेल तर नल ('काहीच नाही') देतं. इथे एक फसवी जागा आहे. तक्त्याचा 'पान' क्रमांक पत्त्यातून घेताना नंबर(पॅरम्स.गेट('पान')) असं लिहिलं आणि पत्त्यात 'पान' नसलं, तर नंबर(नल) चं उत्तर ० येतं. एरर येत नाही. तुमचा कोड शून्यावं पान मागतो, सर्व्हर रिकामी यादी देतो, आणि शेतकऱ्याला वाटतं की आज आवकच झाली नाही. भावाच्या पानावर ही लहान चूक नव्हे, त्या माहितीवर माणूस गाडी भरायची की नाही ते ठरवतो. म्हणून आधी नल आहे का तपासा, मग आकडा करा, मग तो १ किंवा त्याहून मोठा पूर्णांक आहे का ते बघा.

फळ आणि बहार यांनाही हेच लागू. पत्ता कोणीही हाताने बदलू शकतो, अर्धवट कॉपी करू शकतो. आलेली किंमत तुमच्या ठरलेल्या यादीत आहे का ते बघा. बहारासाठी 'मृग' आणि 'अंबिया' एवढंच मान्य असेल तर तिसरं काही आलं की 'सगळे' धरा आणि पुढे चला.

बदलण्याच्या वाटा

लोकेशन.एचरेफला नवा पत्ता दिला किंवा लोकेशन.असाइन केलं, की ब्राउझर नवीन पान आणायला निघतो आणि जुनं पान इतिहासात राहतं. लोकेशन.रिप्लेसही नवीन पान आणतं, पण इतिहासात सध्याच्या नोंदीच्या जागी बसतं, त्यामुळे बॅक दाबून तिथे परत येता येत नाही. लॉगिननंतर पुढे पाठवायला ते योग्य. लोकेशन.सर्च किंवा लोकेशन.पाथनेम बदललं तरी पान पुन्हा लोड होतं. तुमच्याकडे पहिल्या अडचणीत नेमकं हेच होत होतं. ब्राउझरच्या दृष्टीने ते वेगळं पान आहे, त्याने ते मागवलं.

लोकेशन.हॅश बदललं तर पान लोड होत नाही, इतिहासात नोंद होते आणि हॅशचेंज ही घटना (कोडला ऐकता येणारा इशारा) घडते. एके काळी स्क्रिप्टने पत्ता बदलायचा हा एकच बिनधोक मार्ग होता, म्हणून # आणि उद्गारचिन्ह असलेले पत्ते सगळीकडे दिसायचे. गूगलने २००९ मध्ये तसे पत्ते वाचण्याची सोय आणली होती आणि २०१५ मध्ये ती योजना मागे घेतली. आज फिल्टरसाठी हॅश वापरायचं कारण उरलेलं नाही. पानातल्या एखाद्या जागी नेण्यासाठी वापरा, ते त्याचं मूळ काम आहे.

उरल्या हिस्टरी.पुशस्टेट आणि हिस्टरी.रिप्लेसस्टेट. दोन्ही सर्व्हरला न विचारता पत्ता बदलतात. पुशस्टेट इतिहासात नवी नोंद घालतं, रिप्लेसस्टेट आहे ती नोंद बदलतं. नवा पत्ता त्याच ओरिजिनचा हवा, म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तेच. दुसरा डोमेन दिलात तर सिक्युरिटी एरर येते, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कोणीही वरच्या पट्टीत बँकेचा पत्ता दाखवला असता. दुसऱ्या जागी जो मथळा द्यायचा असतो त्याकडे ब्राउझर लक्ष देत नाहीत. तिथे रिकामी स्ट्रिंग द्या आणि टॅबचं नाव डॉक्युमेंट.टायटलने वेगळं बदला. तेवढं कराच, कारण इतिहासाच्या यादीत दहा ओळी 'कळमना भाव' अशाच दिसल्या तर माणसाला हवी ती सापडत नाही.

आता दुसरी अडचण. पुशस्टेट फक्त पत्ता बदलतं, तक्त्याला हात लावत नाही. बॅक दाबल्यावर ब्राउझरही तेवढंच करतो: पत्ता मागचा करतो आणि पॉपस्टेट ही घटना घडवतो. ती ऐकून तक्ता काढणं तुमचं काम. आणि उलट बाजूने, पुशस्टेट केल्यावर पॉपस्टेट घडत नाही. ते बॅक-फॉरवर्डला घडतं. पुष्कळ जण इथे अडतात, त्यांना वाटतं पत्ता बदलला की घटना येईल.

म्हणून रचना अशी ठेवा. एक फंक्शन, त्याला तक्ताकाढा म्हणू. ते लोकेशन वाचतं, किमती तपासतं, ड्रॉपडाउन त्याप्रमाणे लावतं, भाव मागवतं, तक्ता भरतं. हे फंक्शन तीन ठिकाणाहून बोलवायचं: पान उघडल्यावर, पॉपस्टेट आल्यावर, आणि निवड बदलल्यावर. ड्रॉपडाउनचा कोड तक्त्याला थेट कधीच शिवत नाही. तो एवढंच करतो:

कॉन्स्ट पत्ता = न्यू यूआरएल(लोकेशन.एचरेफ)
पत्ता.सर्चपॅरम्स.सेट('बहार', 'मृग')
पत्ता.सर्चपॅरम्स.डिलीट('पान')
हिस्टरी.पुशस्टेट(नल, '', पत्ता)
तक्ताकाढा()

तिसऱ्या ओळीकडे लक्ष द्या. फिल्टर बदलला की पान क्रमांक काढून टाकायचा. मृग बहाराच्या यादीत चौथं पान असेलच असं नाही.

इथे न्यू यूआरएल ही लोकेशनची प्रत आहे. तिच्यात बदल केला तरी ब्राउझरचा पत्ता हलत नाही, पुशस्टेटपर्यंत काही घडत नाही. पण पत्ता.सर्चपॅरम्स आणि पत्ता.एचरेफ एकमेकांना जोडलेले आहेत, एक बदललं की दुसरं बदलतं. याचा आणखी एक फायदा आहे. सगळे फिल्टर काढल्यावर शेवटचं प्रश्नचिन्ह आपोआप जातं. हाताने '?' अधिक टूस्ट्रिंग असं जोडत असाल तर शेवटी एकटं प्रश्नचिन्ह लटकत राहतं. ते टाळायला पुशस्टेटला रिकामी स्ट्रिंग दिलीत तर आणखी पंचाईत: रिकाम्या स्ट्रिंगचा अर्थ 'आहे तोच पत्ता', त्यामुळे जुने फिल्टर तसेच राहतात.

पुशस्टेटची पहिली जागा, म्हणजे स्टेट, इथे नल ठेवली आहे. तिथे वस्तू साठवता येते आणि पॉपस्टेटमध्ये परत मिळते, पण ती लिंकबरोबर दुसऱ्याच्या मोबाइलवर जात नाही. फिल्टर तिथे ठेवले तर तुमच्याकडे सगळं नीट चालतं आणि लिंक मिळालेल्याला रिकामं पान दिसतं. स्क्रोल कुठवर केलं होतं, कुठली ओळ उघडी होती, असल्या फक्त या टॅबपुरत्या गोष्टींना स्टेट ठीक आहे.

आणखी एक गोष्ट बॅक-फॉरवर्डमुळेच वर येते. शेतकऱ्याने संत्रा निवडला, लगेच मोसंबी निवडली. नेटवर्क मंद असलं तर मोसंबीचं उत्तर आधी आणि संत्र्याचं नंतर येऊ शकतं. मग वर मोसंबी, खाली संत्र्याचे भाव. यावर दोन उपाय. प्रत्येक नव्या मागणीच्या वेळी आधीची अबॉर्टकंट्रोलरने रद्द करा, किंवा उत्तर आल्यावर लोकेशन.सर्च अजून तेच आहे का ते बघा आणि नसेल तर उत्तर टाकून द्या. मी पहिलं करतो, कारण त्यात शेतकऱ्याचा डेटाही वाचतो.

पुश की रिप्लेस

याला एकच कसोटी आहे: बॅक दाबल्यावर माणसाला इथे परत यायचं असेल का? फळ बदललं, तारीख बदलली, तर हो. पुश. गावाच्या नावाने शोधायच्या चौकटीत 'का', 'काट', 'काटो', 'काटोल' असं टाइप होताना प्रत्येक अक्षराला नोंद केली, तर बाहेर पडायला तेवढ्या वेळा बॅक दाबावं लागेल. तिथे रिप्लेस, आणि तोही बोटं थांबल्यावर, साधारण ३०० मिलिसेकंद गेल्यावर. हे नुसतं सोयीचं नाही. सफारी थोड्या वेळात १०० पेक्षा जास्त असे बदल झाले की सिक्युरिटी एरर टाकतो. क्रोम कन्सोलमध्ये इशारा देतो आणि पुढचे बदल काही वेळ मानत नाही. स्लायडर ओढताना हा आकडा सहज गाठला जातो.

पान उघडताना पत्ता दुरुस्त करत असाल, म्हणजे चुकीचा बहार काढून टाकणं वगैरे, तेव्हाही रिप्लेसच. तिथे पुश केलं तर बॅक दाबणारा चुकीच्या पत्त्यावर जातो, तुमचा कोड पुन्हा दुरुस्ती करून पुन्हा पुश करतो, आणि माणूस अडकतो. बॅक बटण अडवणारी पानं लोकांना मनापासून नकोशी होतात. माणसाने काहीही न दाबता घातलेल्या नोंदी क्रोम बॅकच्या वेळी ओलांडून जातो, तो याचमुळे.

तारीख

तुमच्या पानात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तारीख, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

नुसतं '/कळमना/' उघडलं तर आजचे भाव दिसतात, ते बरोबर. पण तेव्हा पत्त्यात आजची तारीख भरू नका. शेतकरी ते पान बुकमार्क करतो किंवा मोबाइलच्या होम स्क्रीनवर ठेवतो. पत्त्यात तारीख बसली की दुसऱ्या दिवशीही त्याला कालचेच भाव दिसतील, आणि ते कालचे आहेत हे लक्षातही येणार नाही. याउलट, तो जेव्हा कुणाला लिंक पाठवतो तेव्हा 'हा भाव बघ' असं सांगत असतो. ती लिंक चार दिवसांनी उघडली तरी तोच भाव दिसायला हवा. अडतीच्या हिशेबपट्टीवर ज्या दिवसाचा आकडा लिहिला तो तसाच राहतो, तसं. म्हणून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता तारखेविना ठेवा आणि 'पाठवा' बटणाने बनणाऱ्या पत्त्यात तारीख नक्की घाला. माणसाने स्वतः तारीख निवडली असेल तर ती दोन्हीकडे येईल.

तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, २०२५-११-०३ अशी. आणि ती बनवताना टूआयएसओस्ट्रिंग वापरू नका. ते जागतिक वेळेनुसार उत्तर देतं आणि आपली वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत पान उघडणाऱ्याला कालची तारीख मिळते. संत्र्याच्या हंगामात तुमचा निम्मा वाचक त्याच वेळी जागा असणार. कोडमध्ये तारखेची वस्तू मध्यरात्र धरून बनवली असेल, न्यू डेट(२०२५, १०, ३) अशी, तर टूआयएसओस्ट्रिंग दिवसभरात कधीही २ तारीखच देईल. (महिना शून्यापासून मोजला जातो, म्हणून नोव्हेंबरला १०.) तारखेच्या इनपुटची व्हॅल्यू आधीच हव्या त्या रूपात स्ट्रिंग असते, तिला डेट न बनवता तशीच पत्त्यात घाला. आजची तारीख हवी असेल तर गेटफुलइयर, गेटमंथ अधिक १ आणि गेटडेट घेऊन, एका आकड्याच्या आधी शून्य लावून जोडा.

बाहेरच्या साइटवर जाऊन बॅकने परत आलेल्याला ब्राउझर बऱ्याचदा पान होतं तसं गोठवलेलं परत देतो, स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवत नाही. लिलाव सुरू असताना हे भाव शिळे असू शकतात. पेजशो ही घटना ऐका, तिच्यात परसिस्टेड खरं असेल तर तक्ताकाढा पुन्हा बोलवा.

व्हॉट्सॲपची लिंक

आता तिसरी अडचण. तुमचं बटण व्हॉट्सॲपचा डब्ल्यूए.एमई पत्ता उघडतं आणि 'टेक्स्ट' या पॅरामीटरमध्ये तुमचा पत्ता जसाच्या तसा जोडतं. एका पत्त्याच्या पोटात दुसरा पत्ता गेला. पण तुमच्या पत्त्यातही '&' आहे. पहिल्या '&' पाशी व्हॉट्सॲपला वाटतं 'टेक्स्ट' संपलं, पुढे त्याच्यासाठी दुसरा पॅरामीटर सुरू झाला. त्यामुळे '?फळ=संत्रा' पर्यंतचा तुकडा संदेशात जातो आणि '&बहार=मृग&तारीख=…' मागे राहतं. तुम्हाला जे दिसतं ते अक्षरशः हेच.

उपाय: आतला पत्ता एन्कोडयूआरआयकंपोनंटमधून काढून मग जोडा. '&' चा %२६ होतो आणि तो आतच राहतो. एन्कोडयूआरआय हे नावाने जवळचं दुसरं फंक्शन इथे चालणार नाही, ते '&', '=', '?', '#' यांना हात लावत नाही. ते अख्ख्या पत्त्यासाठी आहे, पोटात घालायच्या तुकड्यासाठी नाही. आणि दोनदा एन्कोड करू नका. % चा %२५ होतो आणि समोरच्याला नावाऐवजी आकड्यांची माळ दिसते. त्याहून बरं म्हणजे बाहेरचा पत्ताही न्यू यूआरएलने बनवा आणि सर्चपॅरम्स.सेट('टेक्स्ट', संदेश) करा. मग एन्कोडचा विचारच करावा लागत नाही.

मोबाइलवर नॅव्हिगेटर.शेअर उपलब्ध असेल तर तेच वापरा. मोबाइलची नेहमीची पाठवायची खिडकी उघडते, माणूस व्हॉट्सॲप निवडो की एसएमएस. त्याला एचटीटीपीएस लागतं आणि ते बटण दाबल्यावरच चालतं, आपोआप चालवता येत नाही.

लिंकसोबत चौकट दिसते ती सर्व्हरने दिलेल्या मूळ एचटीएमएलवरून बनते. तुमच्या स्क्रिप्टने नंतर बदललेलं टायटल तिथे दिसणार नाही. 'संत्रा, मृग' असं तिथे हवं असेल तर ते सर्व्हरवरूनच यायला हवं.

मराठी अक्षरं पत्त्यात

वर मी सोयीसाठी 'बहार=मृग' असं लिहिलं, पण खऱ्या पत्त्यात ठरलेल्या निवडींना छोटी रोमन अक्षरं द्या असाच माझा सल्ला आहे. कारण मोजून बघा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ अक्षरं घेतो. म्हणजे एकटा 'न' होतो %ई०%ए४%ए८, ९ अक्षरं. काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं. 'नागपूर' मध्ये न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशी ६ चिन्हं, म्हणून ५४ अक्षरं. 'मृग बहार' मध्ये ७ चिन्हं आणि एक स्पेस: यूआरएलसर्चपॅरम्स स्पेसचा + करतं, एकूण ६४. एन्कोडयूआरआयकंपोनंट त्याचाच %२० करतं, एकूण ६६. दोन्ही बरोबर, यूआरएलसर्चपॅरम्सने वाचताना दोन्हींचा स्पेस होतो. पण संदेशात आलेली अशी लांबलचक माळ बघून लोक लिंक उघडायला कचरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

शोधाच्या चौकटीत मात्र माणूस जे लिहील ते मराठीतच राहू द्या. तिथे वेगळीच अडचण येते. 'वऱ्हाड' घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. पत्त्यातला एक आणि तुमच्या यादीतला दुसरा असेल तर शोध रिकामा येतो. नॉर्मलाइझ('एनएफसी') केल्याने र आणि सुटा नुक्ता यांचा ऱ होतो, पण जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही. तुलना करण्याआधी र, हलन्त, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, दोन्ही बाजूंना. गावांच्या आणि आडनावांच्या याद्यांना हे लागतंच.

टक्क्याचे कोड स्वतः उलगडायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: डीकोडयूआरआयकंपोनंटला मोडका कोड मिळाला, उदाहरणार्थ '१००%' असा शेवटी सुटा टक्का, तर ते एरर टाकतं आणि पान तिथेच थांबतं. यूआरएलसर्चपॅरम्स तसं करत नाही, असेल ते देतं. पुढेमागे .भारत डोमेन घेतलात तर लोकेशन.होस्टनेम तुम्हाला देवनागरी नाव देणार नाही, 'एक्सएन--' ने सुरू होणारं रूप देईल. तुलना त्याच्याशीच करा.

पत्त्यातून आलेल्या गोष्टीवर विश्वास नको

मथळ्यात शोधलेला शब्द दाखवायला इनरएचटीएमएल वापरू नका, ते मजकुरातले टॅगही खरे मानतं; टेक्स्टकंटेंट वापरा, ते नुसता मजकूर दाखवतं. पत्त्यात कोणी शब्दाऐवजी चित्राचा टॅग आणि त्यात स्क्रिप्ट घातली, तर ती तुमच्या पानाच्या नावाने, तुमच्या लॉगिनसह चालते. लिंक पाठवणाऱ्याला तेवढं पुरतं.

घरचे लोक लॉगिन करून भाव भरतात आणि नंतर 'परत' या पॅरामीटरमधल्या पत्त्यावर जातात, असं तुमच्या कोडमध्ये आहे. ते आजच दुरुस्त करा. तिथे 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारा पत्ता दिला तर लोकेशन.एचरेफ तो चालवतं. 'तिरकी रेघ आहे म्हणजे आपलंच पान' ही तपासणीही पुरत नाही, कारण दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता दुसऱ्या डोमेनवर नेतो. न्यू यूआरएल(परत, लोकेशन.ओरिजिन) करा, त्याचा ओरिजिन लोकेशन.ओरिजिनशी तंतोतंत जुळला तरच पुढे पाठवा, नाहीतर मुख्य पानावर. आणि शेतकऱ्याचा मोबाइल नंबर, खाते क्रमांक यातलं काहीही पत्त्यात घालू नका. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदींत राहतो, आणि एका लिंकने गावभर जातो.

फिल्टर '/संत्रा/मृग/' असे मार्गात घालावेसे वाटतील, दिसायला ते सुबक असतात. पण मग त्या पत्त्यावर रिफ्रेश केल्यावर सर्व्हरने तेच पान द्यायला हवं, नाहीतर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', येतो. त्याने तसं पान कधी बनवलेलंच नसतं, ते तुमच्या स्क्रिप्टने रंगवलेलं असतं. फळ मार्गात ठेवायला माझी हरकत नाही, ते स्वतंत्र पान म्हणून शोभतं. बहार, तारीख, पान क्रमांक हे प्रश्नचिन्हानंतरच राहू द्या.

क्रोममध्ये २०२२ पासून नॅव्हिगेशन एपीआय ही याच कामाची नवी सोय आहे, त्यात लिंक, बॅक आणि पुश सगळं एकाच घटनेत हाती येतं. चांगलं आहे. पण तुमच्या वाचकांकडे जुने मोबाइल असणार, तेव्हा सध्या पुशस्टेट आणि पॉपस्टेटवरच राहा. तक्ता एकाच फंक्शनमधून निघत असेल तर पुढे बदलायला अर्धा दिवसही लागणार नाही.

सगळं बसवल्यावर आधी संगणकावर नको, मोबाइलवर तपासा. फळ, बहार, तारीख निवडा, 'पाठवा' ने दुसऱ्या मोबाइलवर लिंक पाठवा आणि तिथे तिन्ही लागतात का ते बघा. मग एकेक करून बॅक दाबा, प्रत्येक वेळी ड्रॉपडाउन आणि तक्ता दोन्ही मागे जायला हवेत. मध्येच रिफ्रेश करा. पत्त्यात बहाराच्या जागी काहीतरी वेडंवाकडं लिहा. आणि मोबाइलचं घड्याळ पहाटे चारचं करून 'पाठवा' दाबा, लिंकमध्ये तारीख कुठली येते ते वाचा.